एलिस पूल: मोडीत काढावा की वापरात आणावा?

अहमदाबादेत साबरमतीच्या पूर्व काठावर, टिळकांचा पुतळा असलेल्या बागेबाहेर आमचा कट्टा जमतो, आणि परवा तिथे वाद रंगला तो एलिस पुलावरून. सुहासचे म्हणणे असे की, दोन्ही अंगांना काँक्रीटचे पूल होऊन वाहतूक तिकडे गेली असताना, मधल्या जुन्या लोखंडी सांगाड्यावर सरकारने कोट्यवधी रुपये कशासाठी घालावेत?

मकरंदची हयात पुलांच्या कामात गेली आहे. तो म्हणाला, "आधी याची रचना नीट बघ. वरच्या कमानीवर भार आला की तिची टोके बाहेर सरकू पाहतात. खालची तुळई त्यांना धनुष्याच्या दोरीसारखी बांधून ठेवते. त्यामुळे आडवा जोर गाळ्यातच, म्हणजे दोन खांबांमधल्या सांगाड्यातच, जिरतो आणि खांबांवर मुख्यतः उभा भार येतो. ज्या पात्रातून 1875 च्या पुरात आधीचा लाकडी पूल वाहून गेला, तिथे ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती."

"रचना उत्तम आहे, पण गंजाचे काय?" वर्षाने विचारले. माझ्या मते खरा प्रश्न हाच होता. रिव्हेटने, म्हणजे टोके ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांनी, जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी मुरले की आत गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने पत्रे एकमेकांपासून उचलले जातात, रिव्हेटवर ताण येतो आणि बाहेरचा रंग मात्र बराच काळ शाबूत दिसतो. म्हणून रंगरंगोटीला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही. सांधे उघडून, साफ करून, खराब झालेला प्रत्येक भाग बदलला पाहिजे.

सुहासने पुन्हा खर्च काढला, तेव्हा मी त्याला हिंमतलाल धीरजराम भचेच यांची आठवण दिली. 1892 मध्ये पुरा झालेला हा पूल त्यांनी पाच लाखांच्या अंदाजाऐवजी सुमारे चार लाख सात हजारांत बांधला, तर निकृष्ट माल वापरल्याच्या संशयावरून सरकारने चौकशी लावली. काम चोख निघाले आणि त्यांना रावसाहेब हा किताब मिळाला. इतक्या सचोटीने उभारलेले काम भंगाराच्या भावाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

"लोक रोज चालणार असतील, तरच माझी हरकत नाही," सुहास म्हणाला. चालण्यासाठी पूल खुला असावा, यावर आमचे एकमत झाले. दर पावसाळ्यापूर्वी सांधे तपासण्यासाठी महापालिकेने स्वतंत्र तरतूद करावी, हा माझा आग्रह मात्र त्याला अजून पटलेला नाही.