प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे

"मावशी, यातले पाचही नियम मी पाळलेत," असं लिहून भाचीने तिचा पहिला फॉर्म मला पाठवला. गावच्या वाचनालयाची सभासद नोंदणी. सोबत ते चित्रही होतं, जे मला याआधी चार ग्रुपांवर आलंय: इनपुट बॉक्स मॉडर्न दिसण्याचे पाच नियम. लेबल (रकान्याबाहेर लिहिलेलं नाव) काढा, प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यात दिसणारी फिकट अक्षरं) पुरेसा आहे. आउटलाइन (निवडलेल्या रकान्याभोवती उमटणारी कड) 'नन' करा, म्हणजे काढून टाका. चौकट काढून खाली नुसती रेघ ठेवा. अक्षर १३ पिक्सेलचं आणि विरळ ठेवा. चूक झाली की बॉर्डर लाल करा, मजकूर लिहू नका.

फॉर्म दिसायला देखणा होता, नाकारत नाही. पण अण्णांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तो भरायला घेतला. नावाला बोट लावताच फोनने नाव, पत्ता, दोन्ही नंबर आपोआप भरून टाकले. दोन्ही रकान्यांत एकच नंबर. "यातला दुसरा कुणाचा मागितलाय गं?" अण्णांनी विचारलं. तिथे 'घरातील दुसऱ्या व्यक्तीचा मोबाईल' असं फिकट अक्षरांत लिहिलेलं होतं, पण रकाना भरताच ते नाहीसं झालं होतं. पुसल्याशिवाय प्रश्न दिसत नाही, आणि पुसलं की उत्तर जातं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे करायला लावायचं, आणि का, तर दोन ओळींची जागा वाचावी म्हणून!

हा पहिला नियम सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल. प्लेसहोल्डर कशासाठी आहे हे ठरवणं तुमच्या-माझ्या आवडीवर सोडलेलंच नाही. एचटीएमएल या वेब पानांच्या भाषेची अधिकृत नियमावली, जिच्यावरून ब्राउझर बनतात, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की प्लेसहोल्डर लेबलऐवजी वापरू नये. कारणही तिथेच आहे: लेबल कायम दिसतं, प्लेसहोल्डर रकाना रिकामा असेपर्यंतच. ते पान उघडून वाचायला दोन मिनिटं लागतात. चित्र बनवायला त्याहून जास्त वेळ लागला असेल.

"स्क्रीन रीडर प्लेसहोल्डर वाचतो की," असं त्या चित्राखाली कुणीतरी लिहिलंय. बरोबर आहे, स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं ते सॉफ्टवेअर लेबल नसेल तर बहुतेक वेळा प्लेसहोल्डर वाचतं. पण अण्णा स्क्रीन रीडर वापरत नाहीत, चष्मा वापरतात. आणि चित्रात सुचवलेला #९९९ हा राखाडी पांढऱ्यावर जेमतेम २.८५ : १ इतका उठून दिसतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवं. म्हणजे रकान्यात काय भरायचं याची एकमेव खूण, आणि तीही नीट न दिसणारी. टाइप करायला लागल्यावर वर सरकणारं लेबल चालेल एक वेळ. निदान ते नाहीसं होत नाही.

आउटलाइन. माउस न वापरता टॅब दाबत फॉर्म भरणाऱ्याला आपण कुठल्या रकान्यात आहोत हे त्या कडेवरूनच कळतं. ती घालवून बदल्यात काहीच दिलं नाही तर तो माणूस अंधारात चाचपडतो. फोकस (सध्या निवडलेला रकाना) दिसलाच पाहिजे ही अट डब्ल्यूसीएजीमध्ये २००८पासून आहे. हो, पूर्वी ही कड गोल कोपऱ्यांभोवती चौकोनी यायची आणि वाईट दिसायची. पण क्रोम ब्राउझरची ९४वी आवृत्ती सप्टेंबर २०२१मध्ये आली, तेव्हापासून त्यातही ती कोपऱ्याप्रमाणे वळते. रंग बदला, जाडी बदला, आउटलाइन-ऑफसेटने थोडी लांब ढकला. तिच्या जागी नुसती बॉक्स-शॅडो, म्हणजे रकान्याभोवतीची सावली, मात्र लावू नका. विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम (कमी दिसणाऱ्यांसाठीची ठळक रंगसंगती) चालू असली की सावल्या गळून पडतात, आणि ती थीम ज्याला गरज आहे तोच लावतो.

खालच्या रेघेबद्दल एवढंच: २०१४मध्ये मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइन पद्धत आणून ती रेघ जगभर पोचवली गूगलने, आणि पुढे लोकांवर चाचण्या घेऊन बंदिस्त चौकटीकडे वळलं तेही गूगलच. रेघेपेक्षा चौकट लोकांना लवकर सापडते.

आता १३ पिक्सेल. आयफोनच्या सफारीत १६पेक्षा लहान अक्षर असलेल्या रकान्यात बोट ठेवलं की अख्खं पान झूम होतं. पण माझा राग आहे तो 'विरळ ठेवा' यावर. हा सल्ला रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून दिलाय. आपल्याकडे अक्षरांना शिरोरेषा जोडते. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की ती तुटते, आणि 'सदाशिव' हे चार सुटे तुकडे होतात. वर रकान्याची उंची पिक्सेलमध्ये आवळलेली असली तर 'र्कीं'चा रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, 'कृष्णा'चा ऋकार खालून. भाचीच्या फॉर्ममध्ये हे दोन्ही झालं होतं, आणि तिला वाटत होतं की फॉन्टच खराब आहे. उंची आवळू नका. पॅडिंग (मजकुराभोवती मोकळी जागा) द्या, लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा, लेटर-स्पेसिंगला हात लावू नका.

ब्राउझरचं मूळ रूप ओबडधोबड असतं, हे त्या चित्रातलं वाक्य मात्र मान्य करावं लागेल. इनपुट पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाही. त्यामुळे वर लेबल एका वळणाचं आणि रकान्यातलं मराठी भलत्याच, असं होतं. त्याला 'फॉन्ट: इनहेरिट' ही एक ओळ पुरते. त्यासाठी लेबलचा बळी द्यायची गरज नाही.

राहिली लाल बॉर्डर. लाल-हिरवा नीट न ओळखणाऱ्याला ती वेगळी दिसेलच असं नाही, आणि दिसली तरी काय चुकलं ते कळत नाही. भाचीने आता रकान्याखाली 'पिन कोड सहा अंकी हवा' असं लिहिलंय आणि वरची लेबलं परत आणलीत. दुसऱ्या नंबरच्या रकान्यात अण्णांनी माझ्या आईचा नंबर स्वतः टाकला.