ड्रेकच्या कमरेचा दागिना

लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात सर फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीचं १५९१ सालचं तैलचित्र आहे. आम्ही जवळच राहतो, त्यामुळे पावसाळी शनिवारी मुलाला घेऊन तिथे जाणं होतंच. चित्रात ड्रेकच्या शेजारी पृथ्वीचा गोल आहे आणि कमरेला एक दागिना लटकतो आहे. शाळेत इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा काळ शिकून आलेल्या माझ्या मुलाने मागच्या खेपेला विचारलं, "आई, हा समुद्री चाचा होता ना?"

स्पेनच्या लेखी होताच. १५७७ ते १५८० या तीन वर्षांत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत स्पॅनिश जहाजं लुटली आणि लुटीचा मोठा वाटा एलिझाबेथ राणीच्या पदरात टाकला. १५८१ मध्ये डेप्टफर्डला त्याच्या जहाजावरच त्याला 'सर' हा किताब मिळाला. पण मुलाला मी तेवढंच सांगून थांबले नाही. त्याआधी, तरुणपणी, तो जॉन हॉकिन्स या आपल्या नातलगाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं पकडून विकणाऱ्या सफरींवर गेला होता. हॉकिन्सने तर आपल्या कुलचिन्हावर दोरीने बांधलेला आफ्रिकी माणूस मिरवला. हाच ड्रेक पुढे पनामात, स्पॅनिश मालकांकडून पळालेल्या आफ्रिकी गुलामांशी हातमिळवणी करून स्पेनची चांदी लुटतो. आणि राणीने दिलेल्या त्या दागिन्यावर काय कोरलं आहे? एका आफ्रिकी माणसाचा चेहरा. दागिना उघडला की आत राणीचं इवलंसं चित्र. एका माणसाचं अख्खं आयुष्य, त्यातला सगळा विरोधाभास, त्याच्याच कमरेला लटकतो आहे. त्या चित्रासमोरून माझा पाय निघत नाही तो यासाठी.

हे सगळं इथे आता उघड बोललं जातं. २०२० मध्ये ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी पाण्यात ढकलला, त्याच वर्षी प्लिमथच्या नगरपालिकेने हॉकिन्सच्या नावाचा चौक एका कृष्णवर्णीय फुटबॉलपटूच्या नावे करायचं ठरवलं. ड्रेकचा पुतळा मात्र प्लिमथला उभा आहे आणि चित्र भिंतीवर आहे. मला हे बरोबर वाटतं. चित्र काढून टाकलं तर माझा मुलगा प्रश्न कशाकडे बघून विचारणार?

तरी इथल्या प्रांजळपणालाही कुंपण आहे. १५८७ मध्ये ड्रेकने अझोर्स बेटांजवळ साव फिलिपे हे भारताच्या फेरीवरून परतणारं पोर्तुगीज जहाज पकडलं. मसाले, रेशीम, रत्नं. पूर्वेच्या व्यापारात केवढा पैसा आहे, हे लंडनच्या व्यापाऱ्यांना त्या जहाजाने दाखवलं आणि १६०० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. त्याच कंपनीच्या कागदांत आपले कान्होजी आंग्रे 'पायरेट' ठरतात. ज्याने दुसऱ्याच्या समुद्रात जाऊन लुटलं तो सर, आणि ज्याने स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे जहाजाचा परवाना, मागितला तो चाचा. याचा मला राग येतो, आजही.

पण गावाकडच्या गप्पांत बसले की वेगळीच घालमेल होते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला दर्शनासाठी गेली. ड्रेकचा तो दागिनाही याच संग्रहालयात ठेवायला दिलेला आहे. वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय की शिवरायांची ही वाघनखं पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. ती खरोखर महाराजांनी वापरलेलीच का, याची खात्री देता येत नाही, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. एवढंच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. मामा चिडले. "लंडनला राहून तुला आता महाराजांवरही शंका यायला लागली!"

मामा, शंका महाराजांवर नाही, पेटीवरच्या मजकुरावर आहे. आणि असं विचारणं मी लंडनमध्ये शिकले नाही. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शिवरायांचं अस्सल चित्र शोधून प्रसिद्ध करेपर्यंत भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. बेंद्रे गप्प बसले असते तर आपण अजून त्या परक्या चेहऱ्यालाच हार घातला असता. त्यांना कोणी महाराजांचा द्वेष्टा म्हणेल का? त्यांच्याइतकं प्रेम असल्याशिवाय इतकी वर्षं दप्तरं उपसता येत नाहीत. आपल्याकडे ही रीत होती, आणि आज ती विचारणाऱ्याच्या अंगावर उलटते, हे मला दुरून फार टोचतं.

डिसेंबरात आम्ही अलिबागला येतोय. ओहोटीला चालत कुलाब्याच्या किल्ल्यात जायचं, मग कान्होजींच्या समाधीवर. मुलगा तिथेही तोच प्रश्न विचारणार, मला ठाऊक आहे. मी त्याला दस्तक म्हणजे काय ते सांगेन, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले तेही सांगेन. आणि दस्तक नसलेल्या जहाजांचं, त्यांवरच्या मालाचं काय झालं असं त्याने विचारलं, तर तेही. मामा, तुम्हीही चला आमच्याबरोबर.