खुलासा: ‘बिंदूचा य म्हणजेच क’ हे सूत्र चुकीचे आहे

दहावी-अकरावीच्या मुलांमध्ये सध्या एक युक्ती फिरते आहे: रेषेचा चढ ‘म’ आणि एक बिंदू दिला असेल, तर य = म क्ष + क यात ‘क’च्या जागी त्या बिंदूचा य निर्देशक टाकायचा, की झाले समीकरण. हे चूक आहे. ‘क’ म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य. दिलेला बिंदू त्या अक्षावर असेल, किंवा रेषा आडवी (चढ शून्य) असेल, तरच युक्ती चालते.

तापमानाचे उदाहरण घ्या. सेल्सिअस (क्ष) आणि फॅरेनहाइट (य) यांचे नाते सरळ रेषेचे आहे, चढ ९/५. बिंदू (०, ३२) घेतला तर उत्तर बरोबर येते, य = (९/५)क्ष + ३२. अशीच सोपी गणिते आधी भेटतात, म्हणून मुले फसतात. आता त्याच रेषेवरचा (१००, २१२) हा बिंदू घ्या. युक्तीने येते य = (९/५)क्ष + २१२, म्हणजे पाणी ३९२ अंश फॅरेनहाइटला उकळायला हवे! आपले ३७ अंश सेल्सिअसचे अंगही नेहमीच २७८.६ वर तापलेले.

योग्य रीत अशी: य − २१२ = (९/५)(क्ष − १००). कंस सोडवला की १८० वजा होऊन पुन्हा ३२च उरतात. बिंदू कोणताही घ्या, रेषा तीच येते.

उभ्या रेषेला मात्र चढच नसतो, तिथे बिंदू (१००, २१२) असेल तर नुसते क्ष = १०० असे लिहायचे.

आणि उत्तर लिहिल्यावर दिलेला बिंदू त्यात घालून बघा, अर्धा मिनिटही लागत नाही.