फ्रिजखालचा जाळ

आमच्या मागच्या पडवीला ढाळ आहे. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात घर बांधलं तेव्हा मिस्त्रीनं तो मुद्दाम दिला होता. "साहेब, पानी टाकलं की आपोआप मोरीत जाते," असं छाती फुगवून सांगितलंही होतं. पाणी जातंच. पण लिंबू निसटलं तर तेही जातं, कांदा गेला, लसणाची कुडी गेली, एकदा आईचा कुंकवाचा करंडाही गेला. आमच्याकडे एखादी वस्तू सापडत नसली की कुणी कपाट उघडत नाही, मोरीशी जाऊन वाकतं. २२ वर्षांत त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. वाटायला फ्रिज यावा लागला.

फ्रिज माझ्या साळ्याचा. त्यानं पेंचच्या वाटेवर तंबू ठोकून पाहुण्यांना जंगलात ठेवायचा धंदा काढला होता. पाहुण्यांना जंगल हवं होतं, पण जंगलात थंडगार पाणीही हवं होतं आणि तिथं लाइन नव्हती. म्हणून त्यानं कुठूनसा गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारा जुना फ्रिज मिळवला. दोन हंगामांत धंदा बसला आणि सामान नातेवाइकांत वाटलं गेलं. मोठ्या मेहुणीकडे घडीच्या खाटा गेल्या, आमच्या वाट्याला हा आला. एप्रिलच्या एका दुपारी छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत आडवा पडून आला, मयताला आणावं तसा.

"भाऊजी, गॅसवर चालते हा. लाइन गेली तरी टेन्शन नाही."

आई दारात उभी होती. "गॅसवर म्हणजे?"

"खालून जाळ लावायचा, आई. वर बर्फ होते."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. थोड्या वेळानं देवघरातून आवाज आला, "म्हातारी झाली म्हणून काही पण सांगतात बाप्पा."

खरं तर तिचा दोष नाही. मलाही ते पटायला रात्रभर वाचावं लागलं. प्रकार असा आहे. नेहमीच्या फ्रिजमध्ये घुर्र करणारा कॉम्प्रेसर असतो, यात तो नाहीच. मागे काळ्या नळ्यांचं आतडं आहे आणि त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे कोंडलेले आहेत. खाली जाळ लागला की पाण्यात विरघळलेला अमोनिया तापतो आणि ऐपतदार नागपूरकर मे महिन्यात करतो तेच करतो: पाण्याला घरी ठेवून चिखलदऱ्याला निघतो. वर पोचला की हवा लागून निवतो, त्याची वाफ मोडून द्रव होतो आणि उतारानं फ्रिजच्या कप्प्यामागे येतो. तिथं हायड्रोजन बसलेला असतो. त्याच्या संगतीत अमोनियावरचा दाब हलका होतो आणि तो पुन्हा वाफ व्हायला लागतो. त्यासाठी लागणारी ऊब तो आपल्या दुधातून, दह्यातून, कैरीच्या पन्ह्यातून ओढून घेतो. झालं थंड. मग वाट पाहणारं पाणी त्याला परत पोटात घेतं आणि जोडी पुन्हा जाळावर. १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन तरुणांनी हे जमवलं, १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ते बाजारात आणलं. पुढे खुद्द आइन्स्टाइननं झिलार्ड या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या जोडीनं बिनमोटरीच्या फ्रिजचं अमेरिकी पेटंट घेतलं, १९३० मध्ये.

हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरचं दही त्यात लागत होतं का, ते सांगा."

आता यात पंप नाही, म्हणजे सगळं चालतं उतारावर. नळ्या आत ठरल्या मापानं कललेल्या असतात. पण त्या तशा राहायच्या तर फ्रिज स्वतः सरळ उभा पाहिजे. तिरपा ठेवून चालवला तर आतला द्रव नको तिथं साचतो, जाळाजवळची नळी कोरडी तापते आणि हळूहळू आतून बुजते. एकदा बुजली की संपलं. थोडक्यात, त्याला उतार हवा होता आतला, आणि माझ्याकडे होता बाहेरचा.

शेजारच्या बांधकामावरून पाणसळ मागून आणली. फ्रिजवर ठेवली तर तिच्यातला बुडबुडा मोरीच्या विरुद्ध बाजूला जाऊन जो बसला, तो जागचा हलेना. मग पायाखाली पाचर घालणं सुरू झालं. पुठ्ठा दबत होता, लाकडाची ढलपी जास्त होत होती. शेवटी कामी आली एक लग्नपत्रिका. धरमपेठेतल्या एका मोठ्या घरची, मखमली अस्तराची, आत गणपती चिकटवलेली, चार घड्यांची, फेकवत नाही म्हणून तीन वर्षं ठेवलेली. गणपती सोडवून देवघरात ठेवला आणि उरलेला थाटमाट फ्रिजच्या डाव्या पायाखाली सारला. बुडबुडा मधोमध आला. त्या जोडप्याचं पुढे जमलं नाही असं ऐकतो, पण पत्रिकेनं आमचा फ्रिज सांभाळला.

तेवढ्यात गॅसवाले भाऊ आले. मान वाकडी करून त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "इथं नाही जमत, साहेब."

"काऊन?"

"मोरी हाये न जी बाजूले."

घरातला गॅस हवेपेक्षा जड असतो. सुटला तर वर उडून जात नाही, जमिनीवर लोळतो आणि खोलगट जागा शोधून बसतो. म्हणजे आमच्या लिंबाकांद्यासारखा तोही मोरीतच जाणार आणि तिथून नालीत, ठिणगीची वाट पाहत. घर बांधणाऱ्यानं काय दूरदृष्टी दाखवली होती! फ्रिज उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेला. तिथं दोन बाजूंनी जाळी आहे, वारा खेळतो, जळालेला धूर कोंडत नाही. बंद खोलीत असा जाळ दिवसरात्र ठेवला तर जीव घेणारा वायू साचू शकतो आणि त्याला वासही नसतो, हे भाऊंनी आईसमोर सांगितलं. त्या दिवसापासून आई पडवीत जाताना नाकाला पदर लावते. मागे भिंतीपासून हातभर जागा सोडली, सिलिंडर बाहेर, उघड्यावर, उभा. पाणसळ पुन्हा आणली. पत्रिका उजव्या पायाखाली गेली.

साळ्यानं रेग्युलेटरही दिला होता, हॉटेलच्या भट्टीचा, भसाभस गॅस सोडणारा. भाऊंनी तो दोन बोटांत धरून मेल्या उंदरासारखा बाजूला ठेवला. फ्रिजच्या पाटीवर ३० मिलिबार लिहिलेलं होतं. "याले घरचा दाब लागते. हे लावलं त फ्रिज नाही, फटाका होइन." नवी नारिंगी सुरक्षा नळी लावली, जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एका जोडावर बारीक फुगा आला, मोठा झाला आणि फुटला. भाऊंनी तो जोड कसला. साळ्यानं मदत म्हणून खिशातून लायटर काढला, "भाऊजी, एकदा पाहून घेऊ न," आणि भाऊ ज्या आवाजात त्याच्यावर ओरडले, तो ऐकून शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. जाताना भाऊंनी दारामागे खडूनं १९०६ लिहिलं. "गॅस सुटल्यासारखा वाटला त हा नंबर. मले नाही." वर दोन ताकिदी: आडवा आणलाय तर दिवसभर नुसता उभा राहू द्या, आणि गॅस नि लाइन दोन्ही एकदम लावू नका.

दुसऱ्या दिवशी पेटवायचा मुहूर्त. पेटवणी जमिनीपासून चार बोटं वर असते. एका हातानं गोल बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं खटखट ठिणगी पाडायची आणि बारक्या काचेतून आत निळी ज्योत दिसते का पाहायचं. ज्योत लागली तरी बटण सोडायचं नाही. आत एक तार असते, ती तापेपर्यंत पंधरा-वीस सेकंद दाबूनच ठेवायचं. पुढे कधी ज्योत विझली की ती तार निवते आणि गॅस आपसूक बंद होतो. सोय चांगली आहे, पण ती वापरायला माणूस पोटावर झोपावा लागतो. मी झोपलो. गाल फरशीला, एक डोळा काचेला. नळीत हवा असल्यानं पहिल्या आठ-दहा वेळा नुसतंच खटखट. बायको दोनदा माझ्यावरून ओलांडून गेली. तिसऱ्यांदा थांबून म्हणाली, "अहो, झालं असेल लोटांगण तर उठा, पोहे निवताहेत."

अकराव्या वेळी पेटलं. वीतभर अंधारात नखाएवढी निळी ज्योत. मी तसाच पडून पाहत राहिलो. खरंच छान दिसत होती. उठताना कमरेनं नकार दिला, म्हणून आणखी थोडा वेळ पाहिली.

आणि मग काहीच झालं नाही.

म्हणजे आवाज झाला नाही. नागपुरात जी वस्तू आवाज करत नाही ती बंद आहे असं समजतात. आमचा कूलर लागला की समोरासमोर बसलेली माणसं गच्चीवरून बोलल्यासारखी बोलतात. मिक्सर ओरडतो, टुल्लू पंप कण्हतो. हा मात्र खांबासारखा गप्प उभा. आई दर अर्ध्या तासानं येऊन कान लावायची आणि मान हलवायची. शिवाय याला थंड व्हायला पाच-सहा तास लागतात, रात्रभर दिली तर उत्तम, हे कुणाच्या धीरात बसेना. येता-जाता प्रत्येक जण दार उघडून आत हात घालून पाहायचा आणि "कुठं थंड आहे?" म्हणत अर्धा मिनिट उघडंच ठेवायचा. बायकोनं मधेच गरम दुधाचं पातेलं आत सारलं. मी दाराला दोरी बांधली. सकाळी आतलं पाणी थंड निघालं. आईनं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाली, "माठाचं आहे हे."

मे उजाडला आणि एक दिवस फ्रिजच्या मागे, नळ्यांखाली, मला पिवळी पूड दिसली.

नळ्यांना आतून गंज चढू नये म्हणून आतल्या पाण्यात पिवळ्या रंगाचं सोडियम क्रोमेट असतं. नळी फुटली की बाहेर पिवळा डाग, पिवळी पूड दिसते. ते विषारी, हात लावायचा नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं आणि दुर्दैवानं माझ्या लक्षातही होतं. मी गॅस बंद केला. आईला खुर्चीसकट अंगणात नेलं. मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती, तिला पुस्तकांसकट काढलं. काकूंना ओरडून खिडक्या लावायला सांगितलं. साळ्याला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊजी, उलटा करून ठेवा एक दिवस, शीर्षासन केलं की दुरुस्त होते म्हणतात." त्याला मी जे बोललो ते त्याच्या ताईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ऐकलं नाही हे बरं.

बायको गच्चीवरून हातात सुपडं घेऊन उतरली. "काय झालं?"

"मागे पिवळी पूड आहे. नळी गेली. अमोनिया..."

"वास येतोय?"

नव्हता येत. अमोनिया सुटला असता तर डोळ्यांतून धारा लागल्या असत्या. ती फ्रिजमागे वाकली, लांबूनच हुंगलं, वर जाळीकडे बोट दाखवलं. गच्चीवर वर्षभराची हळद वाळत होती आणि कडेची पन्हळ बरोबर जाळीवर उतरत होती. "आठ दिवस वाळवतेय मी. वारा सुटला की उडते." मग अंगणातल्या आईला म्हणाली, "या आई, आत या. विष नाही, भाजीतलंच आहे."

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागला तसा फ्रिजनं अंग काढून घेतलं. दूध फाटू लागलं. मी पुन्हा पाटी वाचली. बाहेरची हवा ४३ अंशांपर्यंत असेल तोवर हा धड चालेल, असं तिच्यावर स्पष्ट होतं. नळ्यांमधला अमोनिया निवायला भोवतीची हवाच लागते, ती हवाच भट्टीची असली तर तो बिचारा चिखलदऱ्याला जाऊन काय करणार? ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला टेकला होता, तिथं ही पाटी वाचून मला त्या फ्रिजची दयाच आली. रात्री चालायचा, दुपारी लोळायचा. म्हणजे पुरता नागपूरकर झाला होता.

यावर घरात एकमतानं ठरलेला उपाय सांगायला लाज वाटते. आम्ही फ्रिजला कूलर लावला. बैठकीतला मोठा कूलर पडवीत नेऊन त्याच्या पाठीवर सोडला. आम्ही आत घामानं निथळत बसलो आणि फ्रिज वाळ्याच्या वाऱ्यात उभा. दहाच मिनिटांत कूलरच्या झोतानं ज्योत विझली, तार निवली, गॅस बंद झाला. पुन्हा लोटांगण. शेवटी मुलीनं जुन्या कम्प्युटरचा छोटा पंखा काढून वरच्या नळ्यांपाशी तारेनं बांधला, गरम हवा वर ओढून बाहेर टाकणारा. ज्योतीला वारा लागत नाही आणि नळ्या निवतात. हे तिला पहिल्याच दिवशी सुचलं होतं म्हणे, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला एका रात्री अकराच्या सुमाराला लाइन गेली. सगळ्या मोहल्ल्याची गेली. एकेक कूलर खड्ड खड्ड करत थांबला, टुल्लू थांबले, कुणाचा तरी टीव्ही थांबला, मुलीनं बांधलेला पंखाही थांबला. फ्रिज तेवढा गॅसवर चालू होता. इतकी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. आम्ही पडवीत सतरंजी टाकली. फ्रिजमधून पन्हं काढलं, गार होतं, काकूंनाही भिंतीवरून दिलं. अंधारात काचेतून निळा ठिपका दिसत होता आणि त्या शांततेत पहिल्यांदाच ऐकू आलं: ज्योतीची बारीक फुसफुस आणि नळ्यांत मधूनमधून गुळुक, गुळुक.

आई कूस बदलत होती. थोड्या वेळानं उठून बसली.

"काऊन रे, हा इतका आवाज काऊन करून राहिला? बंद कर बरं त्याले, झोप येत नाही."