प्रेसला इंजेक्शन देणारी सिस्टर

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी रागावणार नाही. (रागावेन, पण सांगणार नाही.)

दुपारी धाकट्या भावाच्या प्रेसमध्ये बसले होते. एक गृहस्थ आले. लहान उद्योजकांना सल्ला देतात, कार्यशाळा घेतात. पुढच्या कार्यशाळेचं पत्रक छापून हवं होतं, अर्जंट. काम सांगता सांगता त्यांची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. खिळ्यांना जॉबच्या पिशव्या टांगलेल्या, प्रत्येक पिशवीवर लाल, पिवळा नाहीतर हिरवा बिल्ला. दोन मिनिटं नीट निरखून म्हणाले, "वा! सिस्टीम छान बसवलीय. कुणाकडून करून घेतली?"

भाऊ म्हणाला, "ताईने केलंय. नर्स होती ती, सव्वीस वर्षं कॅज्युअल्टीत."

गृहस्थ हसले. "अच्छा, सिस्टर! मग प्रेसला इंजेक्शन पण देता का?"

भाऊही हसला. त्याचं काय ते मी घरी बघून घेतलंय. पण मघाशी जी 'सिस्टीम' होती तिची क्षणात गंमत झाली ना! फळा तोच, बिल्ले तेच. फक्त लावणारे हात कुणाचे ते कळलं.

आता त्या फळ्याची गोष्ट ऐका.

रिटायर झाल्यावर सहज एका संध्याकाळी प्रेसमध्ये गेले होते. काउंटरवर तिघं आवाज चढवून बोलत होते. एकाचं प्रूफ यायचं होतं, एकाला कटिंग वाकडं वाटत होतं, तिसरा नुसताच तापलेला. भाऊ, डिझायनर आणि बाइंडिंगवाला, सगळे त्या तिघांभोवती. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एक वयस्कर गृहस्थ मांडीवर फाइल घेऊन गप्प बसले होते. घड्याळ बघायचे, दाराकडे बघायचे, परत फाइल सारखी करायचे.

कॅज्युअल्टीत नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी आम्ही तिला सांगायचो: जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, एवढं तर कळलं. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. सव्वीस वर्षांत हे इतकं अंगात मुरलंय की माझे पाय आपोआप स्टुलाकडे वळले. त्यांना विचारलं. त्यांची माहितीपत्रकं दोन दिवसांपूर्वी मिळायची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं प्रदर्शन होतं. आत जाऊन बघते तर त्यांच्या कामाची प्लेटसुद्धा निघालेली नव्हती. का? तर त्यांनी एकदाही फोन करून आरडाओरडा केला नव्हता.

बारा वर्षांचं गिऱ्हाईक. त्या दिवशी गेले असते तर भांडलेही नसते, फक्त परत आले नसते. आणि भाऊ म्हणत राहिला असता की हल्ली कामं कमी झाली, बाजार मंद आहे.

ती रात्र जागून आम्ही त्यांचं काम केलं. मी पानं मोजून गठ्ठे बांधले. सकाळी ते घेऊन गेले तेव्हा भाऊ मला म्हणाला, "ताई, एक मशीन अजून हवंय गं. आहे त्यात भागत नाही."

पेशंट डावा हात दुखतो म्हणून येतो तेव्हा आपण हाताला मलम चोळून घरी पाठवतो का? मी म्हटलं, थांब. दोन दिवस मशीनशेजारी वही घेऊन बसले आणि दर पाव तासाला एकच नोंद केली, चालू की बंद, आणि बंद तर कशासाठी. नाडी मोजण्यापेक्षा सोपं काम. मशीन बिचारं धडधाकट होतं. बहुतेक वेळ ते उभं होतं ते गिऱ्हाइकाने प्रूफ पास केलं नाही म्हणून, कागद कापलेला नाही म्हणून, आणि सगळ्यात जास्त वेळा, आता कुठला जॉब लावायचा हे कुणालाच ठाऊक नाही म्हणून. दिवसपाळीचा ऑपरेटर घरी जाताना मशीनवर चिठ्ठी चिकटवून जायचा. एक चिठ्ठी मी जपून ठेवलीय. त्यावर लिहिलंय, "हे झालं की ते घे." बस्स! हे म्हणजे कुठलं आणि ते म्हणजे कुठलं, ते त्याचं त्याला माहीत आणि तो तर बस पकडून गेलेला.

आमच्याकडे पुढच्या पाळीला असा ओव्हर (म्हणजे पेशंटचा निरोप) दिला असता तर मेट्रनने उभं सोललं असतं. ड्युटी बदलताना खाटेजवळ उभं राहून सांगायचं: पेशंट कोण, आधी काय झालं, आत्ता कसा आहे, पुढे काय करायचं. चार वाक्यं. याचं एक रूप पाणबुड्यांतून आलंय बरं का. अमेरिकी नौदलात निरोप नेमका देण्यासाठी जी पद्धत होती ती तिथल्या इस्पितळांनी उचलली, आणि आज जगभरच्या नर्सेस ती शिकतात. तेव्हा नौदलाला कुणी विचारलं नाही की बाबांनो, सलाइन लावता येतं का?

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या इस्पितळाचं उदाहरण तर मला फार आवडतं. हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल थिएटरमधून आयसीयूत नेताना नळ्या, वायरी, निरोप या सगळ्यांचा गोंधळ व्हायचा. तिथले डॉक्टर फॉर्म्युला वनची शर्यत बघत होते. गाडीचे टायर बदलणारी माणसं सेकंदांत काम उरकतात, प्रत्येकाची जागा ठरलेली, एकमेकांच्या पायात पाय नाहीत. डॉक्टर सरळ फेरारीच्या लोकांकडे गेले शिकायला. पेशंट हलवायची पद्धत बदलली आणि चुका कमी झाल्याचं २००७ साली छापूनही आलं. मोठमोठे हार्ट सर्जन टायर बदलणाऱ्यांकडून शिकतात. आणि आमच्या सल्लागारांना नर्सकडून शिकायला कमीपणा वाटतो.

हो, मान्य. छपाई चुकली तर कुणी मरत नाही. आणि प्रत्येक रिटायर माणसाने भावाच्या धंद्यात नाक खुपसावं असंही माझं म्हणणं नाही. माझीही फजिती झाली. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे आमचं ब्रीद मी प्रेसमध्येही चालवायला गेले आणि ऑपरेटरला दर तासाला तक्ता भरायला लावला. चौथ्या दिवशी त्याने तक्ता माझ्यापुढे धरला. सगळ्या रकान्यांत काळ्या शाईचे अंगठे. "ताई, हात पुसून लिहायचं, की मशीन बघायचं?" गप्प तक्ता फाडला. वॉर्डातलं सगळंच बाहेर चालत नाही, आणि उधारी कशी वसूल करायची, कागद केव्हा भरून ठेवायचा यातलं मला आजही ओ की ठो कळत नाही. ते भावाचं डोकं.

फळ्यावरचे बिल्लेही कॅज्युअल्टीतूनच आणले: लाल म्हणजे आधी, हिरवा म्हणजे थांबू शकतं, पिवळा मधला. त्यांचंही पहिल्या आठवड्यात हसं झालं. सगळ्याच पिशव्या लाल! ज्याचा फोन आला तो लाल. मग आठवलं, आयसीयूत खाटा मोजक्या असतात म्हणूनच तर निवड करावी लागते. सगळे लाल बिल्ले काढून घेतले, फक्त दोन ठेवले. तिसरं काम लाल करायचंय? मग आधीच्या दोनांतला एक उतरव, आणि त्या गिऱ्हाइकाला फोन कर तू स्वतः. त्या दिवसापासून अर्जंट कामं आपोआप कमी झाली.

आणि लाल कुणाला द्यायचा ते आवाजावर ठरत नाही, मोठ्या पार्टीवरही नाही. तारीख कुणाची जवळ आहे आणि उशीर झाला तर कुणाचं जास्त नुकसान आहे, एवढंच बघायचं. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा सर्जन होता. तो म्हणायचा की जखम ज्याची गंभीर तो आधी, हुद्दा बघायचा नाही. तोफांच्या आवाजात त्याला हे जमलं. आपल्याला काउंटरवरच्या तीन माणसांच्या आवाजात जमत नाही. त्या संध्याकाळी स्टुलावरच्या काकांचा हुद्दा काय होता? एक जुनं, छोटं, न बोलणारं गिऱ्हाईक.

फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवायची, हेही माझंच. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की आम्ही लिहून घेतो, परत वाचतो, 'हो' ऐकतो, मगच हात लावतो. प्रेसमध्ये 'पंधराशे' सांगितलेले 'पाचशे' ऐकले जायचे. आता डिझायनर पोरगी म्हणते, "एक, पाच, शून्य, शून्य. बरोबर?" सुरुवातीला लाजायची.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला खरा. कारण आता वाटतंय, त्या गृहस्थांपेक्षा मला आपल्याच लोकांचा जास्त राग आहे. माझ्याबरोबरच्या कितीजणी रिटायर झाल्या. विचारलं की म्हणतात, "आपल्याला काय येतं गं इंजेक्शन देण्यापलीकडे?" अगं, एका नाइटला चाळीस पेशंट, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा आणि बंद पडलेली लिफ्ट सांभाळलीस तू! एखाद्याचं दुकान, वर्कशॉप, क्लास तुला कळणार नाही? तीच गत शिक्षकांची. न समजलेलं पोर मान डोलावतं ते ज्यांना शेवटच्या बाकावरून कळतं, त्यांना समोरचं गिऱ्हाईक उगाच 'हो हो' म्हणतंय हे कळणार नाही? पण आपणच आपलं कसब युनिफॉर्मबरोबर घडी करून कपाटात ठेवतो, वर डांबराच्या गोळ्या.

सल्लागारसाहेबांसाठी एकच. जमाखर्चाची दुहेरी नोंद, जिच्यावर तुमची सगळी कार्यशाळा उभी आहे, ती १४९४ साली पुस्तकात छापून मांडली लुका पाचोली नावाच्या माणसाने. तो गणिती होता आणि फ्रान्सिस्कन संन्यासी होता. त्यालाही विचारा, प्रेसला आशीर्वाद पण देता का म्हणून.

असो. स्टुलावरचे काका अजून येतात. हल्ली आल्या आल्या फळ्याकडे बघतात, आपली पिशवी शोधतात, बिल्ला बघतात आणि मग निवांत बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःहून सांगितलं, "माझा हिरवा करा, मला घाई नाही." भावाने माझ्याकडे बघितलं. मी कागद मोजत होते, मान वर केली नाही. डोळ्यांत पाणी होतं, दुसरं काय.

तर, दुपारचे ते गृहस्थ. पत्रक आजच हवं म्हणून काउंटरवर बोटं वाजवत होते. दोन्ही लाल बिल्ले लागलेले होते. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, तारीख विचारली. कार्यशाळा दहा दिवसांवर. त्याने शांतपणे हिरवा लावला. (म्हणून त्याच्या हसण्याला अर्धी माफी.)

प्रूफ मीच तपासलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'व्यवसायिक मार्गदर्शन' छापायला दिलं होतं. 'व्यावसायिक' करून ठेवलंय.