बड्या कंपन्यांना रामराम ठोकण्याची सोपी कृती

२० जानेवारी २०२५ चा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांचा शपथविधी, आणि मागे फेसबुकचे झुकरबर्ग, ॲमेझॉनचे बेझोस, गूगलचे पिचाई, टेस्लाचे मस्क मानकऱ्यांसारखे ओळीने बसलेले. बघून तुमचं रक्त खवळलं असेल तर उत्तम. खवळलेलं आहे तोवरच पुढची कामं उरकून घ्या, निवल्यावर होत नाहीत.

सगळ्यात आधी, आपण फेसबुक सोडतोय हे फेसबुकवर जाहीर करा. गुपचूप सोडलं तर सोडल्यासारखं वाटत नाही. पोस्ट ऐसपैस लिहा, ‘भांडवलशाही’ हा शब्द दोनदा तरी येऊ द्या, आणि मग दर पाच मिनिटांनी लाइक मोजा. खातं डिलीट केलं तरी ३० दिवसांत लॉग-इन करून ते परत मिळवता येतं. तुमच्या निर्धाराची कंपनीला केवढी खात्री आहे पाहा!

रिकामा झालेला वेळ इन्स्टाग्रामवर काढा. ते २०१२ मध्ये याच मालकाने एक अब्ज डॉलरला घेतलं, हे तेव्हा आठवायचं काही कारण नाही. व्हॉट्सॲपही २०१४ पासून त्यांच्याकडेच, पण घरच्यांच्या ग्रुपवर त्याबद्दल चकार शब्द काढू नका. ‘सगळे सिग्नल या मेसेजिंग ॲपवर या’ असं मी सांगून पाहिलंय. एक भाची आली. ‘मामा, आता इथे काय करायचं?’ तिने विचारलं. आम्ही दोघं अजून विचार करतोय. सिग्नल चांगलंच आहे हो, ना-नफा संस्था चालवते. फक्त २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनचं क्लाउड, म्हणजे इतरांना भाड्याने दिलेले सर्व्हर, आडवं झालं, तेव्हा सिग्नलनेही मान टाकली. बेझोसना टाळायला बिऱ्हाड हलवलं, तर घरमालक तेच!

गूगलवर राग असेल तर क्रोम काढून फायरफॉक्स टाका. तो बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, तिकडे काणाडोळा करा. सर्चला डकडकगो घ्या. त्याचा बराचसा माल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतो. शपथविधीच्या निधीला मायक्रोसॉफ्टनेही दहा लाख डॉलर दिले होते, पण फोटोतल्या त्या ओळीत त्यांचं कुणी नव्हतं. म्हणजे चालतंय.

ईमेलच्या वाटेला मात्र जाऊ नका. मी गेलो. नवा पत्ता घेतला आणि जुना कुठे कुठे दिलाय याची यादी करायला बसलो. बँक, विमा, वाचनालय, कधीकाळी एकदाच बूट मागवलेलं दुकान. रात्री साडेअकरापर्यंत त्रेपन्न ठिकाणं निघाली, त्यातली निम्मी ‘गूगलने लॉग-इन करा’ हे बटण दाबून उघडलेली, म्हणजे पासवर्ड कधी नव्हताच. एका ठिकाणी पत्त्याचा रकाना करडा, त्यावर कर्सरच बसेना. खाली बारीक अक्षरात सूचना: ईमेल बदलण्यासाठी नोंदणीकृत ईमेलवरून विनंती पाठवावी. पाठवली. उत्तर आलं ते स्पॅममध्ये गेलं.

या कामाची पोस्ट टाकायच्या भानगडीत पडू नका, एकही लाइक पडत नाही. आज बावीस ठिकाणं झाली, एकतीस राहिलीत. दातांच्या डॉक्टरांना नवा पत्ता तीनदा कळवलाय, अपॉइंटमेंटची आठवण अजून जुन्यावरच येते. गुरुवारी चार वाजता.