सिझेरियननंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाय बधिर राहणे ‘नॉर्मल’ नाही

सिझेरियनच्या आदल्या रात्री माझ्या धाकट्या जावेने एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, “ताई, हे खरे आहे का?” संदेशातले दावे असे: भुलीचे इंजेक्शन थेट मज्जारज्जूत देतात, त्यामुळे पाय अधू होऊ शकतात, कंबर जन्मभर दुखत राहते, चोवीस तास उशी न घेता, पाय न हलवता उताणे पडून राहिले नाही तर मणक्यातले पाणी गळते, आणि पाय दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर राहिले तरी कोणाला सांगत बसू नये, भूल सावकाशच उतरते. मी भूलतज्ज्ञ आहे. हा मजकूर आपुलकीच्या सूरात लिहिलेला आहे आणि म्हणूनच तो बिनदिक्कत पुढे पाठवला जातो, याचा मला अधिक राग येतो.

शेवटचा दावा जीवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच घेते. सिझेरियनसाठी कंबरेच्या मणक्यांमधून दिल्या जाणाऱ्या भुलीत (स्पायनल) बहुधा ब्युपिव्हकेन हे बधिर करणारे औषध साधारण दोन मिलिलिटर इतके दिले जाते. त्याने पाय जड होतात आणि बहुतेक जणींचे पाय दोन ते चार तासांत पुन्हा हलू लागतात. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० साली प्रसूतीच्या भुलीनंतरच्या देखरेखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही: भुलीचे शेवटचे औषध दिल्यानंतर चार तासांनी बाईला पाय सरळ ठेवून उचलता आला पाहिजे आणि तो आला नाही, तर भूलतज्ज्ञाने येऊन तिला तपासले पाहिजे. तपासणी अगदी साधी आहे. गुडघा न वाकवता टाच गादीपासून वर उचलायची, आधी एका पायाची, मग दुसऱ्याची. एवढा आग्रह धरण्याचे कारण असे की, मणक्याच्या पोकळीत क्वचित रक्त साकळते आणि त्याचा दाब मज्जातंतूंवर पडू लागतो. तो दाब काही तासांत शस्त्रक्रियेने काढला तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते, आणि “सकाळी बघू” म्हणत रात्र घालवली तर ती झपाट्याने कमी होते. परत आलेली ताकद पुन्हा जाऊ लागली, किंवा कंबरेत तीव्र कळा सुरू झाल्या, तर चार तासांची वाटही पाहायची नसते.

मज्जारज्जूत इंजेक्शन देतात, हे तर साफ खोटे आहे. बहुतेक प्रौढांमध्ये मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घातली जाते, जिथे मणक्यातल्या पाण्यासारख्या द्रवात केवळ मज्जातंतूंची मुळे असतात. धोका शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्सने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अशा प्रकारच्या सात लाखांहून अधिक भुलींमध्ये कायमच्या इजेचे प्रमाण, सर्वांत निराशावादी हिशेब धरूनही, लाखात सुमारे चार इतके निघाले, आणि प्रसूतीच्या रुग्णांमध्ये ते त्याहूनही कमी होते. शिवाय, प्रसूतीनंतर पाऊल लुळे पडण्यामागे पुष्कळदा सुई नसून, बाळाच्या डोक्याचा कटिभागातील मज्जातंतूंवर पडलेला दाब असतो.

उशीच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपला तर डोके दुखते, बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर ओसरते. पण आधीपासून पडून राहिल्याने हे दुखणे टळते, याला, अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आधार सापडला नाही. ते कमी झाले आहे ते बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांमुळे. उलट प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, सिझेरियननंतर ती जोखीम अधिक असते, आणि अशा वेळी पाय निश्चल ठेवणे म्हणजे गुठळी होण्यास हातभार लावणे होय.

कंबरेबद्दल थोडक्यात सांगते. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. त्यापुढची कंबरदुखी गर्भारपणानंतर, ही भूल न घेतलेल्या बायकांनाही सर्रास होते.

पायांत ताकद परतल्याची तपासणी झाली की आधी खाटेच्या कडेला बसावे, चक्कर येत नाही ना ते पाहावे आणि पहिल्यांदा उभे राहताना परिचारिकेचा आधार घ्यावा. डोके बसल्यावरच ठणकत असेल, तर ते अंगावर न काढता भूलतज्ज्ञाला सांगावे. त्यावर उपचार आहेत.